चरबीला रंग चढतो कसा?

ऊतीचा तुकडा नेहमीप्रमाणे मेणात बसवताना अल्कोहोल आणि झायलिन वापरतात. त्यांत चरबी विरघळून जाते. सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या जागी नुसती रिकामी भोके दिसतात.

म्हणून चरबी पाहायची तर तुकडा गोठवून कापायचा आणि त्यावर ‘ऑइल रेड ओ’ घालायचा. हा रंग चरबीशी रासायनिक बंध जोडत नाही. द्रावणापेक्षा चरबीत तो अधिक सहज विरघळतो, म्हणून द्रावण सोडून तिच्यात शिरतो. किती साधी, देखणी युक्ती! फॅटी लिव्हरच्या पेशींत मग लालभडक थेंब उठून दिसतात, तर हिमॅटॉक्सिलिनने रंगवलेली केंद्रके निळी.

डाडी या संशोधकांनी १८९६ मध्ये याच तत्त्वावर ‘सुदान ३’ हा रंग वापरला होता. विष्ठेतली न पचलेली चरबी शोधायला सुदान रंग आजही उपयोगी पडतो.