व्हिडिओतील पट्टे : पिकावरचा रोग की कॅमेऱ्याचा दोष?

पिकावरील रोग-कीड, अन्नद्रव्यांची कमतरता याबाबत सल्ला घेण्यासाठी शेतकरी आता मोबाइलवर व्हिडिओ पाठवतात. दिवसभराची कामे आटोपून, दिव्याखाली घेतलेल्या व्हिडिओत अनेकदा पानांवर काळसर, पिवळसर किंवा जांभळट पट्टे सरकताना दिसतात, कधी संपूर्ण चित्रच लुकलुकते. असे पट्टे पाहून मॅग्नेशियम किंवा लोहाची फवारणी सुचवली, तर खर्च वाया जातो आणि खरे कारण तसेच राहते. म्हणून निदानाआधी दोष पानात आहे की चित्रीकरणात, हे तपासावे.

असे का होते?

आपल्याकडील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे. त्यामुळे ट्यूबलाइट, सोडियम दिवे आणि साधे एलईडी बल्ब यांचा उजेड सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही. मोबाइलचा कॅमेरा मात्र चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपतो. काही ओळी उजेड जास्त असताना, तर काही कमी असताना टिपल्या गेल्या की पट्टे उमटतात. ट्यूबलाइट व सोडियमसारख्या दिव्यांत उजेडाबरोबर रंगही किंचित बदलतो, म्हणून पट्टे रंगीत दिसतात. डिमर लावलेल्या एलईडी आणि लाल-निळ्या ग्रो लाइटखालीही असे पट्टे येऊ शकतात.

कसे ओळखावे?

- कॅमेऱ्यामुळे येणारे पट्टे सरळ असतात. ते पान, माती, कुंडी, हात अशा सर्वांवरून सारखेच जातात.
- मोबाइल उभ्याचा आडवा केला की पट्ट्यांची दिशाही त्याच्यासोबत वळते. पानावरील डाग पानावरच राहतात.
- मॅग्नेशियम किंवा लोहाच्या कमतरतेचा पिवळेपणा शिरांना धरून असतो. मॅग्नेशियमच्या कमतरतेत जुन्या पानांच्या, तर लोहाच्या कमतरतेत नव्या पानांच्या शिरा हिरव्या राहून मधला भाग पिवळा पडतो.
- तेच पान दिवसाच्या उजेडात पाहावे. पट्टे नाहीसे झाले, तर दोष चित्रीकरणातला समजावा.

उपाय

१. शक्यतो सकाळी, सावलीत, नैसर्गिक उजेडात चित्रीकरण करावे. रंगीत शेडनेटखाली पानाचा रंग बदलून दिसतो, म्हणून नमुना पान बाहेर आणून दाखवावे.

२. दिव्याखालीच घ्यायचे असल्यास कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘अँटी-फ्लिकर’ असेल तर ५० हर्ट्झ निवडावे.

३. ‘प्रो’ मोड असल्यास शटर स्पीड १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवावा. चित्र जास्त उजळ आले तर शटर न बदलता आयएसओ कमी करावा. मोबाइल स्थिर धरावा, अन्यथा चित्र पुसट येते.

४. फ्रेम रेट निवडता येत असल्यास २५ ठेवावा. दिव्याखाली स्लो मोशन टाळावे, कारण त्यात शटर फार जलद चालतो आणि लुकलुक वाढते.

५. डिमर असल्यास दिवा पूर्ण उजेडावर ठेवून पाहावे. ग्रो लाइट बंद करून साध्या पांढऱ्या उजेडात पान दाखवावे.

व्हॉट्सॲपवर पाठवताना व्हिडिओ दाबला जाऊन लहान होतो. त्यामुळे आकाश, पॉलिहाउसचा कागद अशा एकसारख्या पृष्ठभागांवर रंगाच्या पायऱ्या दिसतात. हा दोष शटर बदलून जात नाही. फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकऱ्याकडून जुने पान, नवे पान, पानाची खालची बाजू आणि संपूर्ण झाड असे चारही भाग मागवावेत. पानाशेजारी पांढरा कागद ठेवायला सांगावे. कागदच पिवळा किंवा पट्टेदार दिसला, तर त्या व्हिडिओवरून पानाच्या रंगाबाबत निष्कर्ष काढू नये. दिवसाच्या उजेडात पुन्हा चित्रीकरण मागवावे आणि तोपर्यंत फवारणीची शिफारस करू नये.