देणे आणि देण्याची शक्यता

पुणे शहराभोवतीच्या नियोजित वर्तुळाकार रस्त्याचा पश्चिम भाग मुळशी तालुक्यातील ज्या गावांतून जातो त्यांत भरे या गावाचा समावेश आहे. आणि 1921 साली ज्या मुळशी पेट्यात धरणाविरुद्ध सत्याग्रह उभा राहिला व सेनापती बापटांनी तो लढवला, त्या मुलखाला जमिनीच्या मोबदल्याचा प्रश्न नवा नाही. भूसंपादनाचा निवाडा जाहीर होतो, आकडा ठरतो, आणि ज्या खातेदारास तो मान्य नसतो तो वाढीव मोबदल्यासाठी दाद मागतो. शेतकऱ्याच्या बाजूने अशा कज्ज्यांविषयी पुष्कळ लिहिले व बोलले जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु ज्या संस्थेला ती रक्कम कदाचित द्यावी लागेल, तिने हा कज्जा आपल्या दफ्तरात कोठे मांडावा, हा प्रश्न लेखापालांपुरता मर्यादित आहे असे समजून सामान्य वाचक तो सोडून देतो. वस्तुतः कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदावर विश्वास ठेवावा की न ठेवावा, याची कसोटी बहुधा याच ठिकाणी लागते.

निवाड्याने ठरलेली पण अद्याप चुकती न केलेली रक्कम हे उघड देणे होय. तिच्याविषयी वाद नाही. वाढीव मागणीचे मात्र तसे नाही. ती मान्य होईल किंवा फेटाळली जाईल, आणि मान्य झाली तरी किती प्रमाणात, हे न्यायासनावर अवलंबून असते. भारतात या विषयाचे नियमन करणारे लेखा मानक 29 हे 1 एप्रिल 2004 पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांना लागू झाले, आणि मोठ्या कंपन्यांसाठी पुढे त्याच आशयाचे भारतीय लेखा मानक 37 आले. या मानकांप्रमाणे हिशेब लिहिणाऱ्याने स्वतःला तीन गोष्टी विचारावयाच्या असतात : भूतकाळातील एखाद्या घटनेमुळे आज आपल्यावर बंधन आले आहे काय, ते फेडण्यासाठी पैसा बाहेर जाण्याचा संभव न जाण्याच्या संभवापेक्षा अधिक आहे काय, आणि त्या रकमेचा भरवशाचा अंदाज बांधता येतो काय. तिन्हींची उत्तरे होकारार्थी आली तर रक्कम खर्ची टाकून तिची तरतूद केली पाहिजे, मग त्या वर्षाचा नफा कितीही घटो. यांपैकी एखादे उत्तर डळमळीत असले तर ते संभाव्य देणे ठरते; त्याची नोंद खतावणीत होत नाही, तर ताळेबंदाच्या टिपांमध्ये त्याचे स्वरूप आणि शक्य तेथे अंदाजी रक्कम नमूद होते. आणि पैसा जाण्याची शक्यता अगदीच दूरची असेल तर टीप देण्याचेही कारण उरत नाही.

भरे, पिरंगुट आणि घोटावडे या पट्ट्यात आज लहानमोठे अनेक कारखाने आहेत. त्यांपैकी एखादा कारखाना झडपा तयार करतो आणि विकलेल्या मालावर वर्षभराची हमी देतो, असे घटकाभर धरून चालू. वर्षात 1,000 झडपा गेल्या, मागील अनुभवावरून शेकडा 3 परत येतात, आणि एकेका झडपेच्या दुरुस्तीस 400 रुपये पडतात. एक झडप हाती घेऊन पाहिले तर ती परत येण्याची शक्यता अत्यल्प, आणि म्हणून तरतुदीची गरज नाही, असा युक्तिवाद सुचतो. पण बंधन एका झडपेचे नसून विक्रीच्या सबंध समुदायाचे आहे, आणि समुदायाकडे पाहिले की 30 झडपांचा, म्हणजे 12,000 रुपयांचा खर्च जवळजवळ ठरलेलाच दिसतो. तो विक्रीच्याच वर्षात धरला पाहिजे. रोटॉर्क कंट्रोल्स या कंपनीच्या प्रकरणात 2009 साली सर्वोच्च न्यायालयाने अशा हमीच्या तरतुदीस आयकराच्या हिशेबातही वजावट म्हणून मान्यता दिली, ती याच तत्त्वावर.

त्याच कारखान्याच्या मालकाने, मुळशीचा पाऊस पाहता पुढील वैशाखात छपराचे पत्रे बदलावे लागणार, म्हणून यंदाच त्यासाठी तरतूद केली, तर मात्र ती मान्य होणार नाही. त्याचा हेतू शहाणपणाचा आहे, पण पत्रे बदलण्याचे बंधन आज त्याच्यावर कोणाचेही नाही. तो शेड विकू शकतो, काम पुढे ढकलू शकतो. त्यासाठी नफ्यातून राखीव निधी बाजूला काढावा. तो खर्च नव्हे. हा भेद बारीक वाटला तरी तो राखणे अगत्याचे आहे, कारण बरकतीच्या वर्षी अवास्तव तरतुदी करून नफा दडवावयाचा आणि मंदीच्या वर्षी त्या मोकळ्या करून तोटा झाकावयाचा, ही रीत जगभर रूढ होती आणि 1998 च्या आंतरराष्ट्रीय मानकाने तिलाच लगाम घातला. तरतूद टाळणे हा जसा अप्रामाणिकपणा, तशी ती फुगवणे हाही अप्रामाणिकपणाच, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसऱ्या प्रकाराला सावधगिरीचे नाव मिळते म्हणून तो अधिक घातक.

संभाव्य देणे टिपेतून उठून नफा-तोटा पत्रकात कसे येते, याचे आपल्याकडील सर्वांत ठळक उदाहरण दूरसंचार कंपन्यांचे आहे. परवाना शुल्क कोणत्या उत्पन्नावर आकारावे, याविषयीचा त्यांचा सरकारशी वाद वर्षानुवर्षे चालला होता. 24 ऑक्टोबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने फैसला दिला, आणि 30 सप्टेंबर रोजी संपलेल्या तिमाहीसाठी व्होडाफोन आयडियाने 50,921 कोटी रुपयांचा तोटा जाहीर केला. त्यातील 25,000 कोटींहून अधिक बोजा याच निकालाचा होता. तिमाही सप्टेंबरअखेर संपली, निकाल त्यानंतर आला, तरी त्याचा परिणाम त्याच तिमाहीत धरला गेला, याचे कारण असे की निकालाने नवे देणे निर्माण केले नव्हते. पूर्वीपासून असलेल्या देण्यावरचा संशय तेवढा दूर केला होता, आणि हिशेब मंजूर होण्यापूर्वी तो दूर झाला होता.

म्हणून कंपनीचा असो वा सहकारी संस्थेचा, वार्षिक अहवाल हाती आला की भागधारकाने नफ्याचा आकडा पाहून तो मिटू नये. संभाव्य देण्यांची टीप काढावी, तिच्यातील आकडा संस्थेच्या स्वनिधीशी ताडून पाहावा, आणि गतवर्षीच्या अहवालाशेजारी ती ठेवून वाचावी. एखादा कज्जा खालच्या कोर्टात हरल्यानंतरही त्याच शब्दांत त्याच जागी राहिला असेल, तर वार्षिक सभेत उठून त्याचे कारण विचारण्याचा सभासदास पूर्ण अधिकार आहे. अपील दाखल केले आहे, एवढे उत्तर पुरेसे नसते. अपिलात यश येण्याचा संभव अधिक का वाटतो, हे वकिलाच्या अभिप्रायाच्या आधारे संचालकांना सांगता आले पाहिजे.