उशिरा येणारा उजेड

मंगळावरच्या खडकांत फ्लोरिन आहे हे २०१५ साली जाहीर झालं. त्याचा सुगावा मात्र फ्लोरिनच्या स्वतःच्या प्रकाशातून लागला नव्हता. ‘क्युरिऑसिटी’ बग्गीवरचं ‘केमकॅम’ हे उपकरण गेल विवरातल्या खडकांवर लेसर सोडत होतं, आणि काही वर्णपटांत ६०३ नॅनोमीटरजवळ नारिंगी प्रकाशाचा रुंद पट्टा उमटत होता. फ्रान्समधल्या तुलूझचे ऑलिव्हिए फोर्नी आणि त्यांचे सहकारी यांनी तो ओळखला. कॅल्शियमचा एक अणू आणि फ्लोरिनचा एक अणू जुळून झालेल्या रेणूचा तो प्रकाश होता. हा सुटा रेणू खडकात नव्हताच. तो खडकाच्या तापलेल्या वाफेत जन्मला आणि लगेच विरून गेला.

केमकॅमचा लेसर ७ मीटरपर्यंतच्या खडकावर ५ नॅनोसेकंदांचा स्पंद सोडतो. त्याची ऊर्जा १४ मिलिज्यूल, म्हणजे अगदीच किरकोळ. पण एवढ्या अल्प काळात ती अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच्या ठिपक्यावर एकवटली की खडकाची वाफ होते, अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि प्लाझ्मा पेटतो. आधी येतो सगळ्या रंगांचा अखंड झोत. त्यानंतर आयनांच्या आणि अणूंच्या बारीक रेषा. प्लाझ्मा पसरत निवत जातो आणि तापमान काही हजार अंशांवर उतरलं की अणू एकमेकांना धरू लागतात. रेणूंचा उजेड येतो तो असा सर्वांत शेवटी.

हा उजेड रेषेचा नसून पट्ट्याचा असतो. रेणू कंप पावतो, गरगर फिरतो, आणि या हालचालींच्या प्रत्येक पातळीची वेगळी रेषा पडते. त्या इतक्या दाटीने बसतात की एका बाजूला धारदार कड असलेला आणि दुसरीकडे विरत जाणारा पट्टा दिसतो. त्या विरण्याच्या चढउतारावरून प्लाझ्माचं तापमानही काढता येतं.

मूलद्रव्यं मोजणाऱ्याला हे पट्टे बहुतेकदा नकोसे वाटतात, कारण ते हव्या त्या रेषांवर पसरतात. म्हणून प्रयोगशाळेत कॅमेरा ठरावीक मायक्रोसेकंदांपुरताच उघडतात. केमकॅममध्ये अशी सोय नाही. प्लाझ्मा पेटल्यापासून विझेपर्यंतचा सगळा प्रकाश ते गोळा करतं. फ्लोरिनच्या बाबतीत हेच कामी आलं. फ्लोरिन आपले इलेक्ट्रॉन घट्ट धरून ठेवतो, त्याला उत्तेजित करायला फार ऊर्जा लागते, त्यामुळे त्याच्या अणूच्या रेषा फिक्या पडतात. कॅल्शियमशी जुळल्यावर मात्र तोच फ्लोरिन ठळक दिसतो. मंगळावरच्या क्लोरिनची खूणही अशीच कॅल्शियमबरोबरच्या रेणूतून मिळाली.

या पट्ट्यांची ओळख लेसरहून शंभर वर्षं जुनी आहे. स्कॉटलंडच्या विल्यम स्वान यांनी १८५६ साली हायड्रोकार्बनच्या ज्योतींचे पट्टे अभ्यासले. कार्बनच्या दोन अणूंच्या रेणूचे ते पट्टे आजही त्यांच्याच नावाने ओळखले जातात. त्यांतला सर्वांत ठळक ५१६ नॅनोमीटरजवळ, हिरव्यात असतो. १८६८ साली विल्यम हगिन्स यांनी एका धूमकेतूच्या प्रकाशात तेच पट्टे पाहिले. आज ग्राफाइटवर लेसर मारला की ते पुन्हा दिसतात.

पण रेणूचा उजेड फसवूही शकतो. हवेत कुठल्याही सेंद्रिय पदार्थावर लेसर सोडला, तर ३८८ नॅनोमीटरला कार्बन आणि नायट्रोजनच्या रेणूचा जांभळा पट्टा उमटतो. त्यातला नायट्रोजन नमुन्यातला की हवेतला? स्फोटकं ओळखू पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. म्हणून तोच प्रयोग आर्गॉनमध्ये करून पाहावा लागतो.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो समस्थानिकांचा उपयोग. बोरॉन-१० आणि बोरॉन-११ यांच्या अणुरेषा जवळजवळ एकमेकींवर पडतात. त्या वेगळ्या करायला फार मोठा वर्णपटमापक लागतो. बोरॉन ऑक्सिजनशी जुळला की गोष्ट बदलते. स्प्रिंगच्या टोकाचा गोळा जड असला की ती सावकाश हलते, तसं इथे अणुकेंद्राच्या वजनाने कंपनाचा वेग बदलतो आणि पट्टे शेकडो पट अधिक दूर सरकतात. रिचर्ड रूसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतून ही पद्धत मांडली. नमुना विरघळवायचा नाही, निर्वात पात्रात ठेवायचा नाही. साध्या हवेत समस्थानिकांचं प्रमाण कळतं.

चंद्रावर रेणूंच्या पट्ट्यांची ही युक्ती फारशी चालत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये ‘प्रज्ञान’ बग्गीने दक्षिण ध्रुवाच्या परिसरात लेसरने गंधक ओळखलं, ते अणूंच्याच रेषांवरून. तिथे हवेचा दाब नाही. प्लाझ्मा झपाट्याने पांगतो आणि अणूंना एकमेकांवर आदळायची संधीच क्वचित मिळते. मंगळावरचा विरळ कार्बन डायऑक्साइड तेवढा दाब देतो. तरी तिथेही पट्ट्याची उंची फ्लोरिनइतकीच कॅल्शियमवरही ठरते. खडकात कॅल्शियम कमी असेल तर फ्लोरिन असूनही पट्टा फिका दिसतो. त्यामुळे दोन्हींचं प्रमाण माहीत असलेली मिश्रणं पृथ्वीवर, मंगळासारख्या दाबाखाली, लेसरने तपासून मगच मंगळावरच्या आकड्यांचा अर्थ लावावा लागतो.