सिमोनीचा लाल चेहरा

आफ्रिकेतल्या चेवा लोकांच्या मुखवट्यांमध्ये सिमोनी नावाचा एक आहे. चेहरा तांबडालाल, गोऱ्या साहेबाचा. हा सिमोनी म्हणजे सायमन पीटर, ख्रिस्ताचा पट्टशिष्य आणि कॅथलिकांच्या लेखी पहिला पोप. त्याच्या जोडीला मारिया आहे, योसेफे आहे. मलावीतल्या खेड्यांत ही पवित्र मंडळी नाचात उतरतात आणि बघणाऱ्यांची करमणूक करतात. मारियाच्या मुखवट्याआड अर्थातच पुरुष असतो. जव्हार-मोखाड्याचा बोहाडा पाहिलेल्यांना देवांची सोंगं नवी नाहीत. पण बोहाड्यात माणसं आपल्याच देवांची सोंगं घेतात. इथे शेजारी येऊन बसलेल्यांच्या देवाची टर उडवलेली असते.

ज्या मिशनांची ही टर, त्यांतलं एक जुनं मिशन म्हणजे देडझा जिल्ह्यातलं मुआ. डोंगरकड्याच्या पायथ्याशी, मलावी सरोवराकडे पसरत जाणाऱ्या उष्ण मैदानावर ते वसलं आहे. कार्डिनल लाविजरी यांनी अल्जीअर्समध्ये १८६८ साली स्थापलेल्या ‘व्हाइट फादर्स’ या संघाची माणसं १८८९ मध्ये सरोवराच्या दक्षिण टोकाशी येऊन दोन वर्षांत परत गेली होती. नव्या शतकात ती पुन्हा आली आणि १९०२ साली मुआचं मिशन उभं राहिलं. पांढरा पायघोळ झगा, गळ्यात जपमाळ. पुढची कथा आफ्रिकेतल्या कुठल्याही धर्मग्रामाची असते तशीच: चर्च, शाळा, दवाखाना, वाड्यावस्त्यांवरची छोटी प्रार्थनाघरं. धर्मगुरू क्वचित फिरकणार, एरवी रविवारची प्रार्थना गावातला धर्मशिक्षकच चालवणार. हा धर्मशिक्षक म्हणजे पोटापाण्याला शेती करणारा गावचाच माणूस. धर्मग्राम खऱ्या अर्थाने चालवला तो त्याने. इतिहासात नावं मात्र झगेवाल्यांची राहिली.

मुआसारख्या मिशनांची गाडी अडली ती न्याऊपाशी.

न्याऊ हा चेवा पुरुषांचा गुप्त पंथ आणि ‘गुले वामकुलू’, म्हणजे थोरला नाच, हा त्याचा आविष्कार. मयत, वर्षश्राद्ध, मुली वयात आल्यावरची दीक्षा अशा प्रसंगी मुखवटेवाले येतात. मुखवट्याखाली गावातला कोण आहे हे विचारायचं नसतं. तो त्या वेळी माणूस नसतोच, मेलेल्याचा आत्मा किंवा रानातला प्राणी असतो. बायका गातात, टाळ्या वाजवतात आणि काही माहीत नसल्यासारखं वागतात. तयारी चालते डांब्वेत, स्मशानालगतच्या झाडीत. कासियामालिरो नावाचं हरणाच्या आकाराचं भलंमोठं विणलेलं धूड तिथेच तयार होतं. ते मयताची सोबत करतं आणि अशी धुडं विधी संपला की जाळून टाकायची असतात.

या पंथाला एवढं बळ का, याचं उत्तर चेवा घरात सापडतं. वंश आईकडून चालतो. नवरा बायकोच्या गावी राहायला जातो, मुलं तिच्या कुळाची, शब्द चालतो तो तिच्या भावाचा. घरजावई आयुष्यभर पाहुणाच. तो मुखवटा चढवला की मात्र गाव त्याच्यापुढे पळतं.

आता मिशनचा हिशेब पाहा. लाविजरींचा दंडक असा, की स्नानसंस्कार मिळण्याआधी माणसाने चार वर्षं उमेदवारी करावी. शाळेत यावं, धर्मप्रश्नोत्तरं पाठ करावीत, नाच आणि त्याबरोबरचे विधी सोडावेत. न्याऊची दीक्षा त्या मानाने झटपट उरकते. दोघांनाही हवी होती ती तीच पोरं. १९२० च्या दशकात हे भांडण चांगलंच पेटलं. शाळेचे बाक रिकामे पडू लागले, मुखवटेवाल्यांची अश्लील गाणी ऐकून फादर मंडळींचा तिळपापड झाला आणि तक्रारी जिल्हा अधिकाऱ्याकडे जाऊ लागल्या. इंग्रज अधिकाऱ्याला मुखियांच्या हातून राज्य चालवायचं होतं. नाचावर सरसकट बंदी घालून मुखियांना दुखवायला तो तयार नव्हता, त्यातून हे पाद्री बहुतेक फ्रेंच बोलणारे. ‘ही रूढी आहे’ असं म्हणून त्याने अंग काढून घेतलं.

या भांडणाचा मागोवा घेतला मॅथ्यू स्कॉफेलियर्स आणि इयन लिंडन यांनी. त्यांचा निबंध १९७२ चा. पाठोपाठ, १९७४ साली, इयन आणि जेन लिंडन यांचं पुस्तक आलं. स्कॉफेलियर्स स्वतः डच, माँटफोर्ट संघाचे धर्मगुरू, म्हणजे टर उडवली गेली त्या पक्षाचे. तरी न्याऊ हा अंधश्रद्धेचा हट्ट नव्हता, तो मिशनांना केलेला जाणता प्रतिकार होता, हे त्यांनी मांडलं. ते पटतं. त्यात एक भर घालावीशी वाटते. मारियाचा मुखवटा कोरणाऱ्याने मारियेची मूर्ती निरखून पाहिलेली असणार. योसेफ कोण, पीटर कोण, हे माहीत असल्याशिवाय त्यांची थट्टा जमत नाही. मिशनच्या शाळेत बसून उठून गेलेल्या पोरांचा यात हात असावा, हा तर्कच. पण टाळता न येणारा.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर वारं फिरलं. मिस्सा चिचेवा भाषेत आली, ढोल चर्चच्या आत आले. १९६७ मध्ये क्लोद बूशे नावाचे कॅनडाचे व्हाइट फादर मलावीत दाखल झाले. हात चित्रकाराचे, कुतूहल संशोधकाचं. १९७६ साली त्यांनी मुआत कुंगोनी कलाकेंद्र सुरू केलं. गावच्या तरुणांना लाकूडकाम शिकवलं. त्यांच्या छिन्नीतून चेवा चेहऱ्यांचे येशू आणि मारिया उतरू लागल्या. गावाने बूशेंना चिसाले हे नाव दिलं. पुढे चामारे संग्रहालय उभं राहिलं: भिंतींवर रंगीत चित्रं, आत चेवा, न्गोनी आणि याओ या तिन्ही समाजांच्या चालीरीती आणि एका दालनात गुले वामकुलूचे मुखवटेच मुखवटे. ज्या मुखवट्यांविरुद्ध आधीच्या धर्मगुरूंनी सरकारदरबारी अर्ज केले, ते त्यांच्याच संघाच्या माणसाने जमवून, नावं लावून मांडले. बूशेंचं काम थोर आहे, यात वाद नाही. तरीही खटकतं: ज्याचं सगळं बळ गुपितात, ते तिकीट काढून पाहता येऊ लागलं. संग्रहालय हाही विजयाचा एक प्रकार असतो.

न्याऊ मात्र हरलेला पक्ष म्हणून गप्प बसला नव्हता. स्वतंत्र मलावीचे पहिले राष्ट्राध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा स्वतः चेवा आणि स्कॉटलंडच्या चर्चचे वडील. पण त्यांच्या पक्षाच्या सभांना गुले वामकुलू हवाच. एकपक्षीय राजवटीत नाच सत्तेच्या बाजूला गेला आणि चर्च दुसऱ्या बाजूला. ८ मार्च १९९२ रोजी, उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी, देशभरच्या कॅथलिक चर्चमधून सात बिशपांचं पत्र वाचलं गेलं. आजारी दवाखाने, विषमता, तोंड दाबून ठेवलेली माणसं, सगळं त्यात होतं. देशात दूरचित्रवाणी नव्हती, रेडिओ सरकारी. बालाकाच्या माँटफोर्ट छापखान्यातला हा कागद खेड्यापर्यंत पोचला तो धर्मग्रामांच्या जाळ्यातून. बिशपांची पोलीस चौकशी झाली. पुढच्या वर्षी, जून १९९३ मध्ये, जनतेने बहुपक्षीय राज्याच्या बाजूने कौल दिला.

गुले वामकुलूला युनेस्कोने २००५ साली मानवजातीच्या अमूर्त वारशात मानाचं पान दिलं. गावपातळीवर तंटा मिटलेला नाही. प्रेस्बिटेरियन मंडळींना न्याऊची दीक्षा आणि चर्चचं सभासदत्व एकत्र चालत नाही आणि बूशेंचा रस्ता सगळ्या कॅथलिकांना पटला असंही नाही. मुखवटेवाले त्यासाठी थांबलेले नाहीत. गुलामांचे व्यापारी, रानटी जनावरं आणि मेलेल्यांचे आत्मे यांच्या पंक्तीत होंडा आणि हेलिकॉप्टर ही पात्रंही दाखल झाल्याची नोंद खुद्द युनेस्कोने केली आहे.