जुन्या प्रिंटरला नवी रिबन

डॉट मॅट्रिक्स प्रिंटर आपल्यापैकी पुष्कळांनी बँकेत, गोदामात किंवा औषधांच्या ठोक दुकानात पाहिला असेल. निदान त्याची करकर तरी ऐकली असेल. ही यंत्रे मोठी चिवट. एप्सन या जपानी कंपनीने एमएक्स-८० हा प्रिंटर १९८० साली बाजारात आणला, आणि त्या पिढीतली काही यंत्रे आजही चालू होतात. पण चालू होणे निराळे आणि छापणे निराळे. रिबन वाळली की धडधाकट यंत्र मुके होते. मग कोणीतरी सांगतो, "याची रिबन आता मिळत नाही, भंगारात द्या." ज्यांचे जुने हिशेब किंवा प्रयोगशाळेतले उपकरण त्या एका प्रिंटरलाच जोडलेले आहे, त्यांना हा सल्ला फार महागात पडतो. तेव्हा तो कितपत खरा आहे, ते पाहू.

आधी रिबनचे काम समजून घेऊ. प्रिंटरच्या हेडमध्ये बारीक तारांच्या पिना असतात; साध्या यंत्रात ९, सुबक छपाईच्या यंत्रात २४. विद्युतचुंबकाच्या जोरावर पीन पुढे येते, शाईच्या कापडावर आपटते आणि कागदावर ठिपका उमटतो. हे कापड म्हणजेच रिबन. ती बहुधा नायलॉनची असते, आणि तिची शाई तेलकट असते. हे तेल छपाईपुरतेच नाही बरं का. पिनांना वंगणही त्यातूनच मिळते.

आता प्रश्न असा, की इतक्या जुन्या यंत्रासाठी आज रिबन कोण बनवील? उत्तर कार्बन प्रतींत आहे. लेझर प्रिंटर एका वेळी एकच प्रत काढतो. पिनांचा ठोका मात्र खालच्या कागदांपर्यंत पोचतो. आपल्याकडे वस्तू व सेवा कराच्या २०१७च्या नियमांत मालाच्या बीजकाच्या सर्वसाधारणपणे ३ प्रती सांगितल्या आहेत: एक घेणाऱ्याची, एक वाहतूकदाराची, एक विकणाऱ्याची. बँकेचे पासबुकही पिनांनीच छापले जाते. ही कामे चालू आहेत, म्हणून रिबनचे कारखानेही चालू आहेत.

यातूनच शोधाची युक्ती निघते. प्रिंटरच्या नावाने शोधू नका, रिबनच्या नावाने शोधा. यंत्रे बदलली तरी कंपन्यांनी कितीदा तरी डबी तीच ठेवली. एमएक्स-८०ला चालणारी एप्सनची ८७५० क्रमांकाची डबी पुढे आपल्याकडे खूप खपलेल्या एलएक्स-३००लाही चालली. म्हणजे चाळीस वर्षांपूर्वीच्या यंत्राची रिबन पुष्कळदा कालच्या यंत्राच्या नावाखाली दुकानात पडलेली असते. जुन्या डबीवरचा क्रमांक टिपून घ्या आणि तोच मागा.

डबी कुठेच मिळाली नाही तर? तरीही बिघडत नाही. डबी हे नुसते घर. झिजते ते आतले कापड. रिफिल म्हणून नुसते कापड बाजारात मिळते. त्यासाठी जुन्या कापडाची रुंदी आणि लांबी मोजा. रुंदी पुष्कळदा अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिलिमीटर भरते. काही रिबनींच्या वेटोळ्यात मुद्दाम अर्धा पीळ दिलेला असतो, म्हणजे दोन्ही कडा सारख्या झिजतात. तो पीळ तसाच राखायला हवा, म्हणून डबी उघडताच आतल्या मार्गाचे छायाचित्र काढून ठेवा. ओकीच्या मायक्रोलाइन ८२सारख्या काही यंत्रांत तर डबीच नाही. तिथे टंकलेखन यंत्रासारखी रिळे असतात.

घेताना तीन गोष्टी पाहा. पहिली, ताजेपणा. "नवी, सीलबंद" म्हणून दिलेली रिबन वीस वर्षे गोदामात वाळलेली असू शकते. भारतात पाकीटबंद मालावर निर्मितीचा महिना आणि वर्ष छापावे लागते, ते वाचा. दुसरी, सांधा. कापडाची टोके जिथे जोडली आहेत तिथून नख फिरवा. नख अडले तर पीनही अडेल. तिसरी, वीण. २४ पिनांच्या हेडमधली पीन अधिक बारीक असते, तिला बारीक विणीचेच कापड हवे.

आणि एक मोह टाळा. शिक्क्याच्या पॅडची शाई वाळलेल्या रिबनीवर ओतणारे लोक आहेत. दोन दिवस अक्षरे ठसठशीत येतात खरी. पण त्या शाईत पिनांना लागणारे वंगण नसते, आणि पुढे पिना चिकटू लागतात. भोक पडलेली रिबनही तशीच घातक: पीन भोकात अडकते आणि मोडते. जुन्या यंत्राचे हेड मिळवणे ही रिबनपेक्षा कितीतरी कठीण गोष्ट, आणि खर्चाची तर त्याहून. चार पैसे वाचवायला जाऊन मूळ यंत्रच गमवावे, यात शहाणपण ते कोणते?

एक मात्र करा. योग्य रिबन सापडली की दोन जास्तीच्या घ्या, पाकीट न फोडता उन्हापासून दूर, थंड जागी ठेवा, आणि डबीचा क्रमांक प्रिंटरच्या पाठीवर ठळक अक्षरांत लिहून ठेवा. पुढे ते यंत्र ज्याच्या हाती जाईल, त्याला शोधाची सुरुवात तिथूनच करता येईल.