जुनी डीव्हीडी, नवी फाइल : रिझोल्यूशन किती ठेवावे?



आपल्यापैकी अनेकांच्या कपाटात पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या डीव्हीडी असतील : मेळघाटातील कोरकू नाच, गडचिरोलीतील माडिया वृद्धांच्या तोंडची गाणी, वसतिगृहाचे संमेलन. घरी लिहिलेल्या डीव्हीडीतील रंगाचा थर ऊन व उष्णतेने खराब होतो आणि नागपूरचा मे महिना 45 अंशांपर्यंत तापतो. म्हणून त्यांच्या फाइली वेळेत करून ठेवाव्यात.

फाइल करताना संगणक रिझोल्यूशन विचारतो. रिझोल्यूशन म्हणजे चित्रातील ठिपक्यांची संख्या. आपल्याकडच्या डीव्हीडीत ती 720 गुणिले 576, म्हणजे सुमारे 4 लाख असते. 1080 निवडले की ठिपके 20 लाखांवर जातात. पण वाढीव ठिपके संगणक अंदाजाने भरतो. आजीच्या चेहऱ्यावरची जी सुरकुती डीव्हीडीत उमटलेलीच नाही, ती त्यातून येत नाही. फाइल मात्र फुगते. उलट 360 निवडले, तर आहे तो तपशीलही जातो. म्हणून 576च ठेवा.

आणखी दोन गोष्टी पाहा. चेहरे आडवे ताणलेले दिसले, तर 4:3 हे प्रमाण निवडा. नाचणाऱ्यांच्या हातापायांच्या कडेला कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसल्या, तर ‘डीइंटरलेस’ सुरू करा.

तयार फाइल शेवटपर्यंत पाहा, दुसरी प्रत वेगळ्या ठिकाणी ठेवा आणि मूळ डीव्हीडी टाकू नका. मग ती फाइल त्या गावात दाखवा व गाणाऱ्यांची नावे विचारून लिहून ठेवा. त्यांतील काही आवाज आज फक्त त्या तबकडीतच उरले आहेत.