बचावपटूचा स्कोअर कुठे लिहितात? मोर्तादा फॉलची सेनेगल ते मुंबई गोष्ट

या आठवड्याचा भाग ज्यांना ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोललेलंच आहे, फक्त थोडं आवरून.

उमरग्याहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला होता. पोरगा अकरावीत आहे, फुटबॉलमध्ये सेंटर बॅक खेळतो. म्हणाला, "दादा, गोल मारणाऱ्यांचे रील्स होतात. मी बॉल अडवतो, त्याचं काय दाखवू? आणि एक जण म्हणतोय, पैसे भर, परदेशातल्या क्लबात तुझं काम करून देतो. भरू का?"

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एक रुपयासुद्धा भरू नकोस. का, ते पुढे येईलच. पहिला प्रश्न मात्र खरंच भारी आहे.

खो-खोत मोजतात, फुटबॉलमध्ये नाही

आपला धाराशिव जिल्हा खो-खोचा. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार सारिका काळे इथलीच. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोची बातमी कधी नीट वाचलीय का? खेळाडूच्या नावापुढे कंसात 'अमुक मिनिटे संरक्षण' असं छापलेलं असतं. गडी किती वेळ पळत राहिला, ते सेकंदांपर्यंत मोजतात. म्हणजे न सापडणं हीच कमाई, आणि ती कागदावर येते.

फुटबॉलमध्ये तसं नाही. नव्वद मिनिटं समोरच्याला एकही गोल मारू दिला नाही, तरी स्कोअरबोर्डावर बचावपटूचं नाव येत नाही. टॅकल, इंटरसेप्शन हे आकडे आता निघतात. पण चांगला बचावपटू आधीच योग्य जागी उभा असतो, त्याला टॅकल करायची वेळच कमी येते. न घडलेल्या गोष्टीचा डेटा काढायचा कसा? मी डेटाबेसवर काम करतो, तिथेही हीच अडचण. सर्व्हर पडला की सगळ्यांना कळतं, पडला नाही तर कुणाला काहीच कळत नाही.

मग असा माणूस एका देशातून दुसऱ्या देशात जातो कसा? त्यासाठी मोर्तादा फॉलचं करिअर बघू.

तेतुआन, मडगाव, मुंबई

फॉल मूळचा सेनेगलचा, जन्म १९८७ चा. तिथून तो मोरोक्कोला गेला आणि मोघरेब तेतुआन क्लबकडून खेळला. या क्लबला २०१४ च्या अखेरीस सर्जिओ लोबेरा नावाचा स्पॅनिश प्रशिक्षक मिळाला. अहमद जाहू हा मिडफिल्डरही याच क्लबातून पुढे आलेला. ही तीन नावं लक्षात ठेवा.

२०१७ मध्ये लोबेरा एफसी गोवाचा प्रशिक्षक झाला. जाहू आला आणि २०१८ मध्ये फॉलही आला. त्याच मोसमात गोवा आयएसएलच्या अंतिम सामन्यात पोहोचला. १७ मार्च २०१९, मुंबईचं मैदान. ११६ मिनिटं शून्य-शून्य. मग बेंगळुरूच्या राहुल भेकेने कॉर्नरवर हेडर मारला आणि गोवा हरला. गंमत म्हणजे भेके स्वतः बचावपटू, आणि तोही मुंबईचाच पोरगा.

२०२० मध्ये लोबेरा मुंबई सिटीत गेला. त्याच्यासोबत फॉल, जाहू आणि गोव्याचा मंदार राव देसाईसुद्धा. मंदार मुळात विंगर. लोबेरानेच त्याला गोव्यात लेफ्ट बॅक केलं होतं. २०२०-२१ चा मोसम कोविडमुळे अख्खा गोव्यातच झाला. शील्ड ठरवणाऱ्या शेवटच्या साखळी सामन्यात फॉलने पहिल्या काही मिनिटांतच हेडरने गोल केला. मुंबईने शील्ड घेतली, आणि १३ मार्च २०२१ ला फातोर्ड्यात एटीके मोहन बागानला २-१ ने हरवून चषकही.

पुढच्या मोसमाआधी लोबेरा मुंबई सोडून गेला, पण फॉल राहिला. आणि त्याच्या शेजारी बचावात खेळायला कोण आलं? राहुल भेके! ११ एप्रिल २०२२ ला रियाधमध्ये मुंबईने इराकच्या एअर फोर्स क्लबला २-१ ने हरवलं. एएफसी चॅम्पियन्स लीगमधला भारतीय क्लबचा तो पहिलाच विजय, आणि विजयी गोल भेकेच्या हेडरचा. २०२३ मध्ये लोबेरा ओडिशा एफसीत आला, तेव्हा फॉल आणि जाहू पुन्हा त्याच्याकडे.

हे रेफरलचं जग आहे

पॅटर्न दिसला ना? आयटीत आपण रेफरल म्हणतो, तसंच हे. स्ट्रायकरचे गोल यूट्यूबवर कुणीही बघू शकतं. बचावपटूची खात्री मात्र त्यालाच असते ज्याने त्याला रोज सरावात पाहिलंय. त्यात २०२१ पासून आयएसएलमध्ये मैदानावर एका वेळी चारच परदेशी खेळाडू चालू लागले, आधी पाच चालायचे. चारातली एक जागा बचावपटूला देणं म्हणजे प्रशिक्षकाने आपलं वजन टाकणं.

आणि गंमत बघा, आयएसएलमध्ये सर्वाधिक गोल करणारा बचावपटू म्हणून फॉलचं नाव रेकॉर्डमध्ये आहे. म्हणजे नाव छापून आलं ते दुसऱ्याच कामासाठी!

आता कागदाचं

खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात जातो तेव्हा जुन्या देशाचा महासंघ नव्या देशाच्या महासंघाला इंटरनॅशनल ट्रान्सफर सर्टिफिकेट पाठवतो. हे फिफाच्या ऑनलाइन प्रणालीतून होतं, महासंघ आणि क्लब मिळून करतात. फिफाच्या नियमानुसार हे सर्टिफिकेट फुकट द्यायचं असतं. दुसरं म्हणजे, १८ वर्षांखालच्या खेळाडूची अशी बदली फिफा होऊच देत नाही. अपवाद मोजकेच, जसं की आईवडील फुटबॉल सोडून दुसऱ्याच कारणाने त्या देशात राहायला गेले. अकरावीतल्या पोराला पैसे घेऊन परदेशी क्लब देतो म्हणणारा माणूस नेमकं काय विकतोय, ते तुम्हीच ठरवा.

उलट पैसा दुसऱ्या दिशेने वाहायची सोय आहे. करार चालू असताना ट्रान्सफर फी देऊन खेळाडू दुसऱ्या देशात गेला, तर फीचे ५ टक्के त्या क्लबांत वाटले जातात जिथे तो १२ ते २३ या वयात शिकला. पण कुठल्या वर्षी कुठल्या क्लबात होता, याची नोंद असेल तरच. म्हणून आपल्या इथे खेळणाऱ्यांनीसुद्धा भारतीय फुटबॉल महासंघाच्या ऑनलाइन नोंदणीत नाव घालायला क्लबला सांगावं. जन्मदाखला आणि नोंदणीत तारीख एकच हवी.

मग उमरग्याच्या मित्रा, व्हिडिओ बनवच. पण फक्त टॅकल कापून लावू नकोस. अख्खा सामना ठेव, बॉल लांब असताना तू कुठे उभा असतोस ते दिसेल असा. आणि ज्या सरांनी तुला रोज पाहिलंय, त्यांच्याशी संबंध टिकव. फॉल मडगावला पोहोचला, तोही जुन्या प्रशिक्षकाकडेच.

प्रश्न असतील तर व्हॉइस मेसेज टाका, मिनिटभराचाच. पुढच्या भागात भेटू!